एक्लुंडांकडची गोष्ट

कोरीन पत्ते पिसत होती, तेवढ्यात पलंगावरच्या मिस्टर एक्लुंडांनी क्रिबेज या पत्त्यांच्या खेळात गुण मोजायच्या फळीवरची आपली खुंटी दोन घरं पुढे सरकवली. खुंटी सरकते ती गुण मिळाल्यावर. पत्ते तर अजून वाटलेच नव्हते.

"मी पाहिलं हं," ती म्हणाली.

"पाहिलंस? मग होशील डॉक्टर. नजर आहे तुला."

अमेरिकेतल्या डलूथ गावच्या त्या शुश्रूषागृहात शेवटचे दिवस मोजणारी माणसं राहत, आणि त्यांच्या उशाशी डॉक्टर व्हायला निघालेली पोरं. मेडिकलच्या अर्जात माणसांची सेवा दाखवावी लागे, म्हणून अर्जांचे दिवस जवळ आले की पोरं वाढत.

कोरीनचे अर्ज गेल्या वर्षी सगळ्या मेडिकल कॉलेजांनी नाकारले होते. "मार्क झकास, उंदरांवरचं संशोधन झकास," सल्लागार मिसेस प्रुइट म्हणाल्या होत्या, "पण तुझ्या अर्जात माणसं कुठायत?" मग माणसं शोधणं आलं. बेघरांना सूप वाढायला पोरांची रांग होती. अंधांना स्कीइंग शिकवावं, तर बर्फ वितळून गेला होता. राहिले मरणारे. यंदा नकार आला की बाबांच्या टायरच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरून गेलं होतं. आणि इथे येऊन महिना होत आला तरी अर्जातल्या निबंधात लिहिण्याजोगं काही घडत नव्हतं. ती नुसती हरत होती.

"बोल, कुठली हवी?" एक्लुंडांनी विचारलं.

"काय?"

"गोष्ट गं. तुमच्या त्या निबंधाला. व्हायोलिनवाल्या पोराला मी बायकोच्या शेवटच्या शब्दांची दिली. ढसाढसा रडला. लागला की मेडिकलला!"

"तुमच्या बायकोचे शेवटचे शब्द काय होते?"

"लग्न कुणी केलंय!"

कोरीनला हसू फुटलं. हात मात्र आपसूक फोनकडे गेला.

"भीतीबद्दल..." ती ओशाळून म्हणाली, "आहे काही?"

"आहे की. चांगली खपते." म्हाताऱ्याने उशी सारखी केली, घसा खाकरला. "घे लिहून. पोरी, माणूस मरणाला भीत नाही, तो..."

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "माणूस मरणाला भीत नाही..."

पुढचं वाक्य येईना. त्यांचा हात लागून गठ्ठ्यातले पत्ते पांघरुणावर सांडले. ते खिडकीबाहेर सरोवराकडे बघत राहिले.

"आज नाही जमत," ते म्हणाले. "लगेच निघशील का तू?"

कोरीनने फोन पिशवीत टाकला आणि पत्ते गोळा केले.

"वाटू?"

एक्लुंडांनी मान डोलावली. ती पत्ते वाटत असताना त्यांची खुंटी पुन्हा पुढे गेली. या वेळी तिने पाहिलं नाही.

दोन दिवसांनी मिसेस प्रुइटनी तिचा अर्ज वाचून चष्मा काढला.

"'दर गुरुवारी क्रिबेज खेळते. बहुधा हरते.' एवढंच? अगं, तो माणूस मरतोय. काहीतरी बोलला असेल ना?"

"नाही."

"कोरीन, तुझी ही शेवटची संधी आहे."

"माहितेय," ती म्हणाली. नखं कुरतडून तिची बोटं लाल झाली होती. अर्ज तसाच गेला.

पुढच्या गुरुवारी शुश्रूषागृहाच्या दारातल्या बाईंनी तिला पाहून भुवया उंचावल्या.

"तू कशी काय? अर्ज गेले ना सगळ्यांचे? बाकीची पोरं फिरकली नाहीत."

"डाव अर्धा राहिलाय," कोरीन आत शिरता शिरता म्हणाली. "आणि मी नसले की ते खुंट्या सरकवतात."