बेडकी उभी राहिली तर

इंजिनाचा ताप दाखवणारा काटा मधल्या रेघेच्या वर होता. फार नाही, केसभर… पण हेमकांतला तो केस दिसत होता, कारण बारा वर्षांत त्याने या काट्याकडे जितकं पाहिलं होतं तितकं देवघरातल्या समईकडेही पाहिलं नसेल — हे मनात आलं आणि लगेच त्याने मनातल्या मनात कान धरले, कारण शेजारी महाराज बसले होते.

बसले होते म्हणजे… रुतले होते. ही गाडी तरण्या पोरांसाठी बनवलेली. बसायच्या जागा खोल, दोन्ही कडांनी उचललेल्या, माणसाला ओंजळीत धरावं तसं धरणाऱ्या. आणि महाराज कीर्तनाला उभे राहिले की मांडवाच्या खांबासारखे दिसणारे, त्यांचे गुडघे आता हनुवटीशी आले होते आणि फेटा दर खड्ड्याला छतावर टेकून नमस्कार करत होता. सकाळी नंदुरबार स्टेशनवर त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणाच घातली होती. लाल रंग, टपाच्या मागे बसवलेला तो पंख, पुढच्या तोंडावर बांधलेली केळीची पानं, वर झेंडूची माळ. "हेमकांतभाऊ," ते म्हणाले होते, "हिच्यात बसायचं, की ही अंगात घालायची?"

गावात हिला बेडकी म्हणतात. जमिनीला पोट टेकलेली म्हणून. गतिरोधक आला की हेमकांत तिला तिरपी करतो, आधी एक चाक, मग दुसरं, अशी हळूच उतरवतो, आणि मागून येणारा उसाचा ट्रॅक्टरवालाही भोंगा वाजवून पुढे जातो. पळण्यासाठी जन्मलेली गाडी आणि तिला साठच्या वर कधी न नेणारा धनी! कंपनीने ती बनवणं केव्हाच बंद केलं. दरवाजाची कडी सुरतेच्या भंगारातून येते, आरसा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे, आणि वीरसिंग मिस्त्री तर बोनेट उघडायच्या आधी हात जोडतो. भावकीतल्या कोणाला वाटतं हेमकांतला म्हातारपणी चळ लागला, कोणाला वाटतं वेगाची हौस. आता त्यांना काय सांगायचं… की भाच्याने सुरतेत ती विकायला काढली तेव्हा मी नुसता चहा प्यायला बसलो होतो, आणि त्याने ती अंगणात चालू केली, आणि मी — नवव्या वर्षापासून कीर्तनात टाळ धरणारा मी — कप खाली ठेवला. इंजिनाचे चार ठोके. एकामागे एक, स्वच्छ, कुठे दाटणं नाही, कुठे मागे राहणं नाही. केळी, ऊस, कापूस, ट्रॅक्टर, पिकअप… सगळं आयुष्य उपयोगाच्या वस्तूंत गेलं, आणि ही एकच वस्तू मी कानाने घेतली. हे बायकोलाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही की ऐकून घेण्यासारखं तिला वाटणार नाही, ते कळलं नाही.

काटा आता दोन केस वर.

"भाऊ," महाराज म्हणाले, "गाडी लयीत आहे हं."

महाराजांनी ऐकलं! हेमकांतच्या छातीत काही तरी मऊ झालं. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला सकाळ आठवली, अंगण, आणि बायकोचा, रंजनाबाईचा आवाज. आज काल्याचं कीर्तन, सप्ताहाचा शेवट, दहाला महाराज मांडवात हवेत. मुलगा हेमराज पिकअप धुऊन तयार होता, पण सात दिवसांपूर्वीच हेमकांतने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की महाराजांना मीच आणणार, माझ्या गाडीतून. तेव्हा कोणी हसलं नव्हतं, तेच जास्त लागलं होतं. आणि आज पहाटे निघताना रंजनाबाई किल्लीवर हात ठेवून म्हणाली होती, "आज जर का ही वाटमा उभी ऱ्हायनी, तं इकी टाकानी. काला व्हताच. शबद द्या."

त्याने दिला: वाटेत उभी राहिली, तर काला होताच विकायची. तुळशीसमोर दिला. माळकरी माणसाने तुळशीसमोर दिलेला शब्द म्हणजे त्याला मागचा गिअर नसतो.

बोनेटच्या फटींतून एक वास येत होता. जळका नव्हे… ओळखीचा, गोडसर, घरचा. महाराजांनीही नाक उचललं. "कुठे तरी पानात काही शिजतंय का हो? आमच्या आजीच्या चुलीसारखा वास येतोय. उपाशी माणसाला असलं काही हुंगवू नये."

"रस्त्याकडेच्या शेतात असेल," हेमकांत म्हणाला, आणि रस्त्याकडेला तर नुसती कापसाची वाळकी पऱ्हाटी उभी होती.

काटा लाल पट्टीकडे निघाला होता. काय झालं असेल? पंखा? पण पंख्याची घरघर येतेय. पाणी? पाणी पहाटे पाहिलं. पहाटे जाताना तर काटा जाग्यावर होता — अर्थात तेव्हा गार वारा होता, एकटाच होतो, एसी बंद होता. आता चैत्राचं ऊन, महाराजांसाठी एसी… त्याने एसी बंद केला. मग वीरसिंगने शिकवलेला शेवटचा उपाय आठवला: इंजिन तापलं तर हिटर पूर्ण सोडायचा, म्हणजे पोटातली उष्णता आत येते आणि इंजिनाला उसंत मिळते. पण आत महाराज आहेत.

"महाराज… जरा गरम हवा येईल."

"उन्हाळ्यात?"

"गाडीसाठी."

महाराजांनी डोळे मिटले. गरम झोत त्यांच्या पांढऱ्या मिशांवर आदळला, मिशा हलल्या, कपाळावरचा बुक्का घामासोबत नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, आणि ते शांतपणे म्हणाले, "पंचाग्निसाधनाचं ऐकून होतो. आज बसून पाहिलं."

मी पापी. मी नक्की पापी. एवढ्या थोर माणसाला मी एका ठोक्याच्या हौसेपायी भाजतो आहे… आणि तरी डोळा काट्यावर, तरी मनात हेच की अजून चार किलोमीटर, तापीचा पूल, पुलापलीकडे प्रकाशा गाव, तिथून आपला मांडव हाकेवर — चल माय, चल, एवढा पूल ओलांड…

पूल समोर दिसत होता तेव्हा चौथा ठोका मागे पडला. मग तिसरा. हेमकांतने कडुनिंबाखाली गाडी घेतली आणि किल्ली फिरवली.

बेडकी उभी राहिली.

ती शांतता त्याला आयुष्यभर पुरली असती. तेवढ्यात फोन वाजला. हेमराज. "पप्पा, कोठे पोचनात? पिकअप लई येऊ का?"

"पूल दिसी ऱ्हायना," हेमकांत म्हणाला. खोटं नव्हतं. पूल खरंच दिसत होता.

महाराजांना बाहेर काढायला दोघांचंही बळ लागलं. मग उपरण्याची घडी हातावर घेऊन हेमकांतने बोनेट उचललं, आणि वाफेबरोबर तो वास असा अंगावर आला की भूकच लागली. त्याने वाकून पाहिलं. गाडीच्या तोंडाच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतळीने आवळून, एकावर एक तीन पदर — केळीची पानं. हिरवी राहिलेली नव्हती. पानगी काढताना असतात तशी काळपट, लिबलिबीत, शिजलेली.

महाराजांनी एक पान बोटाने उचललं. "भाऊ, ही श्वास कुठून घेते?"

हेमकांतने जाळीकडे बोट केलं.

"अस्सं," महाराज म्हणाले, आणि हसण्याने त्यांचं पोट हलायला लागलं.

म्हणजे गाडी निर्दोष होती! त्याला नाचावंसं वाटलं. पंखा ठीक, पाणी ठीक, बारा वर्षांची इमानी बिचारी, तोंडावर उशी दाबली तरी पुलापर्यंत आली… आता घरी जाऊन सांगतो, सगळ्यांसमोर सांगतो, उभी राहिली ती हिच्या— आणि तिथे त्याचं मन जागच्या जागी थांबलं.

रंजनाबाई पहाटे चारला उठली होती. स्वतः केळीच्या बागेत जाऊन पानं कापून आणली होती. दसऱ्याला ती ट्रॅक्टरला हळद लावते, पिकअपला लावते, बेडकीपाशी ताट आलं की पदर सावरून पुढे जाते. बारा दसरे हेमकांतने स्वतःच गुपचूप बेडकीला टिळा लावला. आणि आज ती गाडीसमोर उकिडवी बसून, दातात सुतळी धरून, एकेक पान फडक्याने पुसून बांधत होती. तो पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली होती, "मी गाडीनी पूजा नही करी ऱ्हायनू. महाराज बसतीन म्हणीसन करी ऱ्हायनू." पण बांधून झाल्यावर दोन पावलं मागे सरून तिने मान कलती केली होती, लेक नटवल्यावर बघतात तशी.

आणि मी? ही कुठून श्वास घेते हे गावात एका माणसाला ठाऊक, तो मी. मी पाहिलं. पाहिलं आणि बोललो नाही. मला फक्त एवढंच दिसलं की ती सजवते आहे.

"महाराज," त्याचा आवाज बारीक झाला, "हे कीर्तनात नको."

महाराज तापीकडे तोंड करून हात जोडून उभे होते. "पाहू. दृष्टांतात काय येतं ते माझ्या हातात कुठे असतं?"

पाऊण तास गेला. इंजिन निवलं, बाटलीतलं पाणी ओतलं, शिजलेली पानं हेमकांतने डिकीत जॅकखाली लपवली, चोराने भांडी लपवावीत तशी, आणि माळ खाली बंपरला बांधली. काटा पुन्हा मधल्या रेघेवर आला. चार ठोके, स्वच्छ. पूल ओलांडताना त्याने नदीत नाणं टाकलं आणि काय मागावं ते सुचलं नाही.

मांडवासमोर रंजनाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. महाराजांना ओवाळून झालं आणि तिची नजर खाली गेली. "पानं कोठे गयात?"

"वारा व्हता," हेमकांत म्हणाला.

"कोठे उभी ऱ्हायनी व्हती का?"

त्याचं तोंड उघडलं. तुळस समोर नव्हती, पण होतीच. हो म्हणावं तर गाडी जाते. कारण सांगावं तर हिचीच चारशे माणसांत शोभा…

"माउली," महाराज मध्येच म्हणाले, "पुलाशी मी उतरलो होतो. तापीमाईला हात जोडले. माझाच उशीर."

तेही खोटं नव्हतं. आज सगळे खरंच बोलत होते आणि हेमकांतला घाम फुटत होता.

कीर्तन लागलं. हेमकांत टाळकऱ्यांत मागे उभा राहिला, आणि नेहमीसारखं पहिल्या चालीलाच त्याच्या अंगातलं सगळं ओझं खाली गळायला हवं होतं. इतकी वर्षं गळत आलं होतं. महाराजांचा आवाज चढला, मृदंग बोलू लागला, बायांच्या बाजूने फुगडीसारखी हशाची लाट आली आणि गेली. मग दृष्टांत. महाराजांनी उपरणं कमरेला खोचलं, एक पाय पुढे टाकला.

"एका गृहस्थाकडे घोडा होता. म्हातारा! बायकोला तो मुळीच आवडत नसे…"

हेमकांतचा टाळ चुकला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या रूपचंदने वळून पाहिलं.

"…पण एके दिवशी संत घरी यायचे होते. म्हणून तिने काय केलं? पेटीतला शेला काढला. लग्नातला! आणि घोड्याच्या तोंडाला बांधला. असा घट्ट!" महाराजांनी आपल्याच नाकावर उपरणं आवळून दाखवलं. मांडव फुटला. रंजनाबाई पहिल्या रांगेत, सगळ्यांत मोठ्याने हसत होती, मांडीवर हात मारून.

मग तिचं हसू जरा हळू झालं. मांडवाच्या कनातीतून बेडकीचं लाल तोंड दिसत होतं, काळी जाळी उघडी. रंजनाबाईने तिकडे पाहिलं. मग टाळकऱ्यांकडे, एकेकाकडे, आणि शेवटी त्याच्याकडे.

"आता सांगा," महाराज म्हणत होते, "घोडा दमला. दोष कोणाचा? घोड्याचा? तिचा? की जो बघत होता आणि गप्प राहिला, त्याचा?"

तिने विचारलं, तर मी म्हणेन गाडी म्हातारी झाली, विकू. ते वाक्य मनात आलं आणि इतकं हलकं आलं, की हेमकांत दचकला. बारा वर्षं ज्याला घट्ट धरून होतो ते इतक्या सहज सुटतं?… की सुटत नव्हतं काहीच, नुसती जागा झाली होती, जाळीपुढून पान काढल्यावर होते तशी.

रंजनाबाईने पदर तोंडाशी नेला. त्यामागे ती हसत होती की काय, ते इतक्या लांबून कळेना. महाराजांनी हात वर करून टाळकऱ्यांकडे पाहिलं. हेमकांतने टाळ उचलले आणि आज, तिच्या पदरावरची नजर न काढता, पहिला ठोका अंदाजाने टाकला.