पंप थांबला, पाणी थांबेना

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दहा महिन्यांच्या लेकीला ठेवून मला चार दिवस तिच्याकडे जायचं होतं. लेकीपाशी माझ्या थोरल्या नणंदबाई थांबणार होत्या. ताई लिफ्ट दुरुस्त करतात. यंत्र हातात आलं की बोलू लागतं, झाड मात्र आठवड्यात मान टाकतं.

"पोरगी सांभाळीन," त्यांनी आधीच बजावलं, "तुझं ते रोपटं माझ्या गळ्यात घालू नकोस."

रोपटं बेगोनियाचं, अंगठ्याएवढं. आईच्या झाडाच्या एका पानातून फुटलेलं. तिच्याकडचं झाड मागेच गेलं; आता हे एवढंच. कुंडी कपाएवढी. सकाळी भिजवली की संध्याकाळी कोरडी ठणठणीत, आणि पाणी जरा जास्त झालं की देठ कुजतो.

म्हणून ताईंनी पंप बसवला. बादलीत बोटभर पंप, तिथून कुंडीपर्यंत नळी, मातीतली ओल मोजणारा सेन्सर, आणि हे सगळं चालवणारा काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. माती सुकली की पंप तीन सेकंद चालणार. बादली मात्र मी जमिनीवर ठेवू दिली नाही. रांगतं मूल आणि भरली बादली! कपाटावर चढवली.

"त्यापेक्षा गच्चीवर टाकीच बांध," ताई म्हणाल्या.

पंप घरघरला, थांबला. ताई आंघोळीला गेल्या. पडद्यातून पिवळा उजेड गळत होता. लेकीशेजारी माझाही डोळा लागला. स्वप्नात आई घोटाभर पाण्यातून चालत आली, डोळ्यांवर पट्टी, पावलागणिक फरशी हिरवी होत जाणारी. "आई, पुरे," मी म्हणत होते. पाणी वाढतच होतं.

जाग आली तरी झुळझुळ चालूच. कुंडी तुडुंब, ताटली ओसंडलेली. मी नळी झटकन उचलून धरली.

"ताई!"

त्या ओल्या केसांनी धावत आल्या. "प्रोग्रॅम बरोबर आहे गं." त्यांनी वायरच उपटली. बोर्डवरचा दिवा विझला. मी नळी सोडली, तर पुन्हा वाहायला लागली.

बादली खाली उतरवली, तेव्हा धार थांबली. लेक लगेच गुडघ्यांवर आली, निघालीच बादलीकडे.

"उंचावरून पाणी आपलं आपण ओढलं जातंय," ताई म्हणाल्या. "पंपानं फक्त सुरुवात करून दिली. बादली खालीच ठेव."

"आणि ही?"

"मग झाडावर पाणी सोड."

मी रागाने लेकीला उचललं, बाटली तोंडात दिली. चोखता चोखता रबरी बूच चपटं झालं, दूध येईना. मी झाकण सैल केलं. एक बुडबुडा वर गेला, दूध आलं.

"ताई, नळीत हवा शिरली तर धार तुटेल?"

"तुटेल. पण भोक पाडलं तर गळेल ना."

"बादलीतच गळू दे की!"

ताई उठून गॅसपाशी गेल्या. मग सुई तापवून त्यांनी नळीच्या बादलीतल्या भागाला, पाण्याच्या वर, भोक पाडलं. बादली पुन्हा कपाटावर चढवून पंप लावला. भोकातून केसाएवढी धार उजेडात कमान टाकून परत बादलीत पडू लागली. तीन सेकंद. मग नळीनं सुस्कारा टाकला. मी तिच्या तोंडाखाली तळहात धरून दोनशे मोजले. थेंब नाही.

रोपटं हलकेच उपसलं. देठ अजून टणक होता. कोरड्या मातीत लावलं.

"आणखी एकदा चालवून बघू?"

"माती सुकीच आहे, बोर्ड चालू केला की तोच चालवेल. तू निघ. पोरगी झोपलीय तोवर निघ."

मी दार ओढून घेतलं आणि पायरीवर उभी राहिले. आत पंप घरघरला, थांबला. मी कान दाराला लावला. काहीच ऐकू येत नव्हतं. ते काहीच नसणं पोटभर ऐकलं, आणि जिना उतरले.