आयनारची पळी

आमच्या घरातील काडतुसे मी भरते. मोंटानात एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला, की मी मागच्या पडवीतील मेजापाशी बसते, आणि तेथे कोणी अक्षर बोलायचे नाही, हा नियम आहे. जो बोलेल त्याच्यापायी भरलेल्या सर्व पुंगळ्या पुन्हा रित्या कराव्या लागतात, आणि त्या माणसाला त्या दिवशी कॉफी मिळत नाही.

बंदुकीची दारू मोजण्याची पळी माझे यजमान आयनार यांनी स्वतः घडवली. पितळेची एक जुनी पुंगळी कापली, हवे तेवढेच माप उरेपर्यंत कानशीने घासली, तारेची दांडी डाख देऊन बसवली, आणि बुडाला वजनाचा आकडा कोरला. ती वापरण्याची रीत साधी आहे. पळी दारूत अलगद खाली दाबायची. दारूने आपल्या पायांनी आत यावे. मग जाड कागदाच्या कडेने माथा सारखा करायचा. हलवायची नाही, ठोकायची तर नाहीच. हलवली, की दाणे दाटीवाटीने बसतात आणि तेवढ्याच पळीत दारू जास्त मावते.

आयनार यांची धाकटी बहीण थोरा, म्हणजे आमच्या वन्सं, कुंपणापलीकडे राहतात. त्यांचा या पळीवर जुना डोळा आहे. “भावाची आठवण म्हणून तरी द्या, वहिनी,” असे त्या दर वर्षी म्हणतात. मी दर वर्षी त्यांना आयनार यांची टोपी देऊ करते.

हंगामाआधीच्या रविवारी, चर्चमधून परतल्यावर, कुरणात गवताच्या गठ्ठ्यांवर कागद लावून नव्या काडतुसांची परीक्षा होते. यंदा माझा मुलगा ऑर्विल याचा पहिला बार कागदाच्या वरच्या कडेला लागला, दुसरा मधोमध, आणि तिसरा गवतात.

“वारा असेल,” ऑर्विल म्हणाला. तो शहाणा मुलगा आहे.

“कुठला वारा?” वन्सं म्हणाल्या. “माझ्या डोक्यावरचा रुमाल बघ. हलतोय का मेला?”

“बंदूक पुसली होतीस?” मी विचारले.

“पुसली होती, आई.”

“मग चष्मा पूस.”

“मला चष्मा नाहीये, आई.”

“मग करून घे.”

त्यानंतर वन्संनी स्वतःच्या बंदुकीतून माझी काडतुसे उडवली. त्यांच्याही गोळ्या तशाच पांगल्या. वन्संचा नेम चुकत नाही, हे सारा परगणा जाणतो. मीही जाणते, फक्त त्यांना कधी सांगितलेले नाही.

घरी येताच त्यांनी स्वयंपाकघरातील विजेचा काटा उचलून आणला. नातसून कोरिन हिने तो मला काडतुसांसाठी भेट दिला होता; मी त्यावर वेलदोडे तोलते. मी पळ्या भरत गेले, वन्सं तोलत गेल्या. एक दुसरीसारखी नव्हती, आणि झाडून सगळ्या कोरलेल्या आकड्यापेक्षा जड होत्या. आयनार यांनी माप मुळात हात राखून ठरवले होते, म्हणून कोणाला इजा झाली नाही, इतकेच.

वन्संनी पळी उलटीसुलटी करून पाहिली.

“पळीच झिजली असेल, वहिनी. पितळच ते. दुकानात प्लास्टिकच्या मिळतात, छान पिवळ्या.”

त्यांनी मला वाट करून दिली होती. होकार दिला असता, तर मेजापाशी माझी जागा शाबूत राहिली असती. पण मग आयनार यांची पळी खोटी ठरली असती.

“पळी झिजलेली नाही,” मी म्हणाले. “माझा हात थरथरतो, म्हणून दारू दाटून बसते.”

ऑर्विल आढ्याकडे पाहू लागला.

“आजी, मग दर वेळी काट्यावरच—” कोरिनने सुरुवात केली.

“आणि वेलदोडे कशावर तोलू, कोरिन?”

मी उठले आणि खुर्ची मागे सरकवली.

“वन्सं, बसा इथे.”

वन्सं बसल्या. त्यांनी पळी अलगद दाबली, माथा सारखा केला, काट्यावर ओतली. बुडाला कोरलेला आकडा काट्यावर जसाच्या तसा उमटला. पुढच्या पळीलाही तोच, त्यापुढच्या पळीलाही तोच. पळी खरी होती. माझी मान पुन्हा ताठ झाली.

“बघितलंत, वहिनी?” वन्संचा चेहरा फुलला. “भावाचा हात आहे हा. लहानपणी आमची आई म्हणायची ना, की थोरा जर मुलगा असती तर—”

“मेजापाशी कोणी बोलायचे नाही.”

“अहो, पण आता मीच तर भरतेय.”

“म्हणून तर. ओता परत.”

त्यांनी ओतली. जुनी काडतुसे उघडून दारू काढण्याचे काम मी ऑर्विलला दिले, आणि स्वतः खुर्ची घेऊन वन्संच्या पाठीशी बसले. संध्याकाळपर्यंत पडवीत पितळेखेरीज कशाचाही आवाज नव्हता. आपली बहीण इतका वेळ गप्प बसलेली आयनार यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नसेल.

मध्येच वन्संनी वळून, ओठ घट्ट मिटून, भुवयांनीच कॉफी मागितली. मी ती आयनार यांच्या पेल्यातून दिली.