खिंडीखालची अकरावी खूण

मित्रांनो, मी एक जुनी दगडांची रास आहे. नाक मुरडू नका. कुणी ट्रकमधून ओतून गेलेला ढिगारा मी नव्हे. मला हाताने रचले आहे, एकेक दगड पारखून. मी कमरेइतकी उंच आहे, खाली रुंद आणि वर निमुळती. डोंगराच्या पायथ्यापासून खिंडीपर्यंत आम्ही अशा एकोणीस राशी आहोत आणि त्यांतली मी अकरावी. या वाटेवरची माणसे आम्हाला 'खुणा' म्हणतात.

ऊन असले की आमचा काही उपयोग नसतो. वाट समोर स्वच्छ दिसते आणि आम्ही आपल्या उभ्या असतो. पण इथे धुके उतरते तेव्हा स्वतःच्या पायांतले बूटसुद्धा दिसेनासे होतात. मग माणसे आम्हाला चाचपत एका खुणेकडून दुसरीकडे जातात. त्यात माझी जागा मोठी जोखमीची. वरून उतरताना माझ्यापाशी वाट डावीकडे वळते. न वळता सरळ गेलात, तर शंभरेक पावलांवर जमीन संपते आणि खाली खोल घळ आहे.

मला एका गवंड्याने रचले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. चुना नाही, सिमेंट नाही. "दगडाने दगडाला धरलं पाहिजे," असे ते म्हणत. माझा एक कोपऱ्याचा दगड त्यांनी पाच वेळा काढून पुन्हा बसवला. तेव्हा मला फार राग आला होता. एवढे काय ते नखरे, असे वाटले होते. पुढे कळले की त्याच पाच वेळांमुळे मी इतकी वर्षे उभी आहे. शेवटी त्यांनी माझ्या माथ्यावर एक चपटा दगड ठेवला. त्याचे एक टोक चोचीसारखे निमुळते आहे. चोच ज्या दिशेला, त्या दिशेला खालची पुढची खूण. ही आप्पांची पद्धत, एकोणीसही राशींना तीच.

कामावर त्यांच्याबरोबर त्यांची लेक असे. आप्पा तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधत आणि म्हणत, "हात लाव. चोच कुठं आहे? चल तिकडे." ती धडपडली तरी रुमाल सोडत नसत. "धुक्यात डोळ्यांचं ऐकायचं नाही गं बाई, हाताचं ऐकायचं." जेवायची वेळ झाली आणि ती कुठे तरी हुंदडायला गेलेली असली, की आप्पा माझ्या त्या कोपऱ्याच्या दगडावर हातोडीचे तीन ठोके देत आणि थोडे थांबून पुन्हा तीन. दोघांत ठरलेलेच होते. तीन ठोके म्हणजे डबा उघडलाय, ये.

पुढची वर्षे माझ्या अभिमानाची होती. खिंडीपलीकडच्या वस्तीला जाणारी नर्सबाई एकदा भर धुक्यात माझ्यापाशी पोहोचली. तिने माझ्या माथ्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "सापडलीस गं माझे आई!" मला कुणी आई म्हणेल असे वाटले नव्हते. त्या दिवशी मी सुखावले, खोटे कशाला बोलू?

मग पायथ्यापर्यंत पक्का रस्ता झाला. खिंडीतून दिसणाऱ्या देखाव्याचा फोटो या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये फिरला आणि बघता बघता डोंगरावर माणसांची रीघ लागली. माणसे आली याचे मला वाईट वाटले नाही. डोंगर काही कुणाच्या मालकीचा नाही. पण येण्याची काही रीत असते की नाही? पाठीवर स्पीकर बांधून, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी गाणी लावून ती येत. वळसा नको म्हणून उतारावरून सरळ खाली घसरत. तिथले गवत उखडले आणि एका वाटेच्या सात वाटा झाल्या. माझ्या दगडांच्या फटींत बिस्किटांच्या पुड्यांचे कागद कोंबले गेले. एक जाडजूड गृहस्थ माझ्या डोक्यावर बसून बुटांची नाडी बांधत म्हणाले, "वा! बसायची सोय चांगली केलीय." आणि नावे! खिळ्याने कोरलेली, रंगाने रंगवलेली. कुणाचे कुणावर प्रेम आहे ते सगळे माझ्या अंगावर लिहिलेले होते. मला त्याच्याशी काय करायचे होते?

तोवर वाटेची राखण आप्पांच्या लेकीकडे आली होती. तिला आता लहानथोर सगळे ताई म्हणत. रोज संध्याकाळी ती पाठीवर कचऱ्याचे पोते घेऊन उतरे आणि दुसऱ्या दिवशी रिकामे पोते घेऊन पुन्हा चढे. तारेच्या ब्रशने माझ्यावरची नावे घासताना तिचे हात सोलवटत. समजावून झाले, ओरडून झाले, हात जोडून झाले. कुणी ढिम्म हलेना.

एक दिवस काही जण माझ्यासमोरच्या कातळावर खिळा टेकवून बसले होते. ताई पार कंटाळली होती. ती म्हणाली, "नाव कशाला कोरता? दगडावर दगड रचा आणि मनात इच्छा धरा. पूर्ण होते. इथली जुनी रीत आहे."

मित्रांनो, अशी कुठलीही रीत नव्हती. मी एवढी जुनी, मला ठाऊक नसती का? ताईने ती तिथल्या तिथे बनवली होती. पण लोकांना ती फार आवडली. खिळे खिशात गेले. ताईला इतका आनंद झाला, की वाऱ्याने रास पडू नये म्हणून माथ्यावर चपटा दगड कसा ठेवायचा, तेही तिने हौसेने दाखवले.

नावे कोरणे खरोखर थांबले. पण दोन वर्षांत आमचा सगळा माळ लगोऱ्यांनी भरून गेला. परीक्षेत पास होऊ दे म्हणून एक, नोकरी लागू दे म्हणून एक, आणि फोटो छान येतो म्हणून निव्वळ दहा. एवढे दगड आणायचे कुठून? पावसाच्या पाण्याला वळवणारे वाटेकडेचे बांध फुटले. शेवटी माझ्या वरची बारावी खूणच लोकांनी एकेक दगड करून नेली. माझी सख्खी शेजारीण ती. तिच्या जागी फक्त एक चौकोनी ओला डाग राहिला. ताईने तो पाहिला आणि पुढच्या आठवड्यात रचू म्हणाली. एकट्या जिवाने करायचे तरी किती!

तो आठवडा यायच्या आतच तो दिवस आला.

आप्पा आता सत्तरीच्या पुढे होते आणि एका डोळ्याने त्यांना नीट दिसत नव्हते. तरी खिंडीतल्या झोपडीची भिंत पडली म्हटल्यावर ते ऐकतात थोडेच? थैलीत हातोडी टाकून ते सकाळीच वर गेले. दुपारी ते उतरायला निघाले आणि धुके आले. असे दाट, की माझी चोच मलाच दिसेना.

थोड्या वेळाने मला पावले ऐकू आली. एका माणसाची नव्हेत, चार-पाच जणांची. ती माझ्याकडे आली नाहीत. माझ्या उजव्या बाजूने, दूरवरून, सरळ घळीच्या दिशेने गेली. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मला सगळे कळत होते, पण दगड ओरडणार कसा? आयुष्यात मला माझ्या मुकेपणाचा एवढा संताप कधीच आला नव्हता.

थोड्याच वेळात ताई खालून खुणा चाचपत आली. झोपडीवाल्याने तिला फोन करून सांगितले होते, की आप्पा निघून दोन तास झाले. ती माझ्यापाशी पोहोचली आणि थबकली. पुढची खूण नव्हतीच. "आप्पा!" तिने हाक मारली. धुक्यात हाक फुटते, चारी बाजूंनी आल्यासारखी वाटते. ती दोन पावले पुढे धावली, पुन्हा मागे आली आणि माझा माथा घट्ट धरून उभी राहिली. तिच्या अंगातला कण न् कण पुढे धाव म्हणत असणार. पण पुढे गेली तर दोघेही हरवणार, हे आप्पांनीच तिला शिकवले होते.

तिने पिशवीतून हातोडी काढली आणि माझ्या कोपऱ्याच्या दगडावर तीन ठोके दिले. थांबली. पुन्हा तीन.

मित्रांनो, तेव्हा मी ठरवले की आज मुके राहायचे नाही. दर ठोक्याला मी होता नव्हता तेवढा सगळा आवाज दिला. ताईने हात बदलले, तळहाताला फोड आले, तिने ओढणी गुंडाळली आणि पुन्हा ठोके दिले. माझ्या कोपऱ्याचा टवका उडून तिच्या गालाला लागला. ती थांबली नाही आणि मीही नाही. असा तासभर गेला.

मग धुक्यातून आधी एक मुलगी आली, मागून तिचे तीन मित्र आणि शेवटी त्यांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आप्पा.

"आलो गं," ते म्हणाले. "डब्यात काय आहे?"

ताई हसली आणि त्याच श्वासात हमसून रडली.

मुलगी सांगू लागली, "काका म्हणाले, माझ्या मागून या. ते प्रत्येक राशीची चोच चाचपत होते आणि चोचही प्रत्येक वेळी सापडत होती. मग पायाखालचे दगड सुटायला लागले आणि काकांचा पाय मुरगळला. ते म्हणाले, खाली बसा, कुणी हलायचं नाही. तेवढ्यात हे ठोके ऐकू आले. मग बसत, सरकत, आवाजाच्या दिशेने हळूहळू आलो." मग तिने मान खाली घातली. "वरची एक रास आम्हीच रचली होती. आज सकाळी."

"ती रीत तुमची नाही," ताई म्हणाली. "माझी आहे. चपटा दगड ठेवायला मीच शिकवलं. आप्पा, मी तुम्हाला जवळजवळ..."

आप्पांनी तिला बोलू दिले नाही. समजूतही घातली नाही. "मग उद्यापासून मोडायला लागू," ते म्हणाले. "मी बसून सांगतो, तू मोड."

आणि ती लागली. दुसऱ्या दिवशी आधी बारावी खूण पुन्हा उभी राहिली. मग रोज पन्नास-साठ लगोऱ्या उतरू लागल्या आणि त्यांचे दगड परत बांधांत गेले. पायथ्याशी ताईने दोर बांधला. आता सकाळी ठरावीक माणसेच वर सोडतात. वर जाणाऱ्या प्रत्येकाला ती आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगते, काही लपवत नाही, आणि एक लगोरी उतरवून यायला सांगते. एक तरुण वैतागून म्हणाला, "अहो, आमचा अजून फोटो झाला नाही!" ताई म्हणाली, "काढा की. मोडतानाचा काढा." सगळेच ऐकतात असे नाही. गेल्या रविवारीच तीन नव्या लगोऱ्या झाल्या होत्या. सोमवारी त्या नव्हत्या.

माझा टवका उडालेला दगड बदलायला आप्पांनी नकार दिला. आता त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. लेकीच्या हाताला धरून ते कधीतरी वर येतात, त्या खळग्यात अंगठा ठेवतात आणि म्हणतात, "हिचा आवाज चांगला आहे."

मित्रांनो, डोंगरावर जरूर या. मात्र वाट सोडू नका, आणलेला कागद परत न्या आणि दगड जिथे आहे तिथेच राहू द्या. लख्ख उन्हात मी तुम्हाला अगदी बिनकामाची वाटेन. वाटू द्या. मी इथून हलणार नाही. धुके पुन्हा येणार आहे, आणि कुणीतरी हात पुढे करून चाचपत येणार आहे. त्या हाताला माझी चोच जिथे आप्पांनी ठेवली, तिथेच सापडली पाहिजे.