मालगुजारांच्या पत्रातला मयत

"केवळराम, तू मेला बरं का. मांगच्याच वर्षी," मालगुजार केशवराव सुपारी कातरता कातरता म्हणाले.

केवळराम हसला. मालकांची थट्टा समजली नाही तरी हसायचं, हे तो तीस वर्षं करत आला होता.

थट्टा नव्हती. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, कायद्याने कधीच गेली होती, पण एकोडीत केशवरावांची ऐट १९७८ सालीही तशीच होती. आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाच्या प्रधानमंत्र्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. त्या देशाला तलाव बांधायचे होते. पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, माती कुठली घ्यावी, थर केवढा टाकावा, बैलांकडून किती दिवस तुडवून घ्यावा, हे सगळं केशवराव झोकात इंग्रजीत लिहीत आणि केवळरामला विचारून लिहीत. गावच्या तलावाचं पाणी शेतांना सोडता सोडता केवळरामचे केस पिकले होते. एकदा लिहिण्याच्या भरात त्याचं नाव पत्रात पडलं आणि उलट टपाली उत्तर आलं, या माणसाला सहा महिने आमच्याकडे पाठवा.

बोलावणं मालकाला नाही, गड्याला! केशवरावांनी कळवून टाकलं, की तो वारला.

"आज दुपारी तो प्रधानमंत्री येऊन राहिला. तुह्या बायकोले भेटाले. गोदावरीले सांग, घंटाभर कुकू पुसून बस म्हना."

"मले बलावलं होतं, मालक?"

"घर कोनाच्या जागेत हाये तुहं?"

केवळराम घरी आला. गोदावरीबाई धान पाखडत होती.

"जित्या नवऱ्याचं कुकू पुसू? अन् तुमी हो म्हनून आले?"

"घंटाभराचंच तं काम हाये."

तिने सूप खाली ठेवलं. पदराने कपाळ पुसलं आणि जात्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. बांगड्यांचं तर कोणी सांगितलंही नव्हतं.

दुपारी मोटारी आल्या. चहाचा ट्रे केवळरामच्याच हाती होता. मेला म्हणून काय झालं, चहा दुसरं कोण देणार? पाहुणे प्रधानमंत्री गोदावरीबाईसमोर जमिनीवरच बसले आणि हळू आवाजात बरंच बोलले.

"तुह्या नवऱ्याच्या सांगन्यावरून बांधलेली पाळ पुरात टिकली म्हनते. सात गावं वाचली," केशवरावांनी तिला मराठीत सांगितलं. तलावाला नाव कोणाचं दिलं, तेवढं त्यांनी गाळलं. पण इंग्रजी बोलण्यातलं आपलं नाव केवळरामला कळलं.

पाहुण्यांनी तिला काहीतरी विचारलं.

"कधी वारला, इचारून राहिले," केशवराव म्हणाले.

गोदावरीबाईने ट्रे धरलेल्या माणसाकडे पाहिलं.

"आज सकाळी," ती म्हणाली. "हो म्हनून घरी आले, तवाच."

केशवरावांनी इंग्रजीत मागच्या वर्षीची एक तारीख सांगितली. पाहुण्यांनी ती वहीत टिपून घेतली.