गोदाबाईंचा डोळा

दवाखान्यात न्यायला हिमानीनं सासूच्या काखेत हात घालून तिला उठवायला घेतलं, तशी शेजारची यमुना दारातच आडवी उभी राहिली. तृप्ती येईपर्यंत म्हातारीला हलवायचं नाही म्हणाली. लेकीला बघू दे, आईचे काय हाल केलेत ते.

हाल दिसतच होते. गोदाबाईंचा उजवा डोळा झोपेतच सुजून बाहेर आला होता. पापण्या काळ्यानिळ्या, बुबुळाभोवतीचं पांढरं लालभडक. सकाळी उठल्या त्या कण्हतच, मग ओकल्या. कुठं पडल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. पण लोधीपुऱ्याच्या त्या बोळात असलं कोण ऐकतं? सासू-सुनेत अबोला आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि काळा डोळा म्हणजे गुद्दा, एवढीच त्यांची अक्कल.

अबोला लोणच्यावरून. हिमानीनं बुरशी आलेली बरणी न विचारता ओतून दिली. त्याच दिवशी गोदाबाईंनी चारचौघींत जाहीर केलं, की हिच्या हातचं अन्न मला वर्ज्य. तेव्हापासून त्या चहा आणि घरच्या केळ्यांवर होत्या. हिमानी दोन्ही वेळा ताट ठेवायची, त्या भिंतीकडे तोंड करायच्या. हिमानीही काही गरीब गाय नव्हती. पुढं पुढं ती ताट आदळूनच ठेवू लागली. मात्र हृदयाची झडप बदलल्यापासून सुरू असलेली रक्त पातळ करायची गोळी म्हातारी न चुकता घ्यायची. राग सुनेवर होता, स्वतःच्या जिवावर नव्हता.

नीलेश केळीच्या गाडीबरोबर दिल्लीला गेलेला. फोनवर त्यानं बायकोला पहिलं विचारलं ते हेच, "तू हात तं नही ना उचलला?" हिमानीनं फोन बंद केला. नवराच असं विचारतो, तर शेजारणीला काय नावं ठेवायची!

घरचं आवरून तृप्ती असीरगडहून आली तोवर दुपार झाली. आल्याआल्या तिनं डोळ्याचे फोटो काढले, भावजयीला शिव्या घातल्या आणि मग गळा काढला. या गोंधळात गोदाबाई म्हणाल्या की या डोळ्यानं अंधारलंय, पण तिकडं लक्ष द्यायला सवड कोणाला होती? शेवटी हिमानीनंच रिक्षा बोलावली आणि यमुनेला खांद्यानं बाजूला सारलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटानं डोळा चाचपला, तो दगडासारखा लागला. त्यांनी आधी डोळ्याच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब मोकळा केला, मग स्कॅन काढला. हाड शाबूत होतं, पण डोळ्यामागं खोबणीत रक्त साठून नजरेची नस दाबली गेली होती. सकाळीच का नाही आणलं, असं त्यांनी रागानं विचारलं.

हे मारल्यानंच झालंय, तसं लिहून द्या, म्हणून तृप्ती हटून बसली. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट तिच्यासमोर धरला. माराची गरजच नाही, म्हणाल्या. ही गोळी चालू असताना जेवण सोडलं, पोटात पालेभाजी गेली नाही, की तीच गोळी भारी पडते. रक्त गोठत नाही. मग धक्का न लागता, अगदी झोपेतही ते आपोआप झिरपू लागतं.

"म्हंजे इनं उपाशी मारलं माझ्या मायले," तृप्ती म्हणाली. आता पोलिसांनाच बोलवा म्हणाली.

आपलं कोणी खरं धरणार नाही, हे हिमानीला कळून चुकलं होतं. खरं एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस तिच्याशी बोलत नव्हतं.

"हिनं नही मारलं मले," गोदाबाई पडल्यापडल्या म्हणाल्या. "उपाशीबी नही ठेवलं. ताट रोज यायचं, मीच जेवली नही." मग सुनेकडं बोट करून, "लोणचं मातर हिनंच फेकलं."

तृप्तीनं पुन्हा रडायला सुरुवात केली. चुकलं, असं कोणीच म्हणालं नाही.

संध्याकाळी बाईंनी म्हातारीचा चांगला डोळा झाकला आणि समोर कोण उभं आहे, असं विचारलं. गोदाबाईंनी मान वळवून कानोसा घेतला.

"सून."

बाईंचा चेहरा उजळला. दिसतंय तर!

"दिसतं कुठं वं माय. रडनं उशाकून येते, ते माझी लेक. इकडं कोनी तरी गुमान उभं हाय, ते सूनच."

हिमानी आवाज न करता तिथंच उभी राहिली.