साडेतीनशेची झोप

पंडितने बटण आणखी जरासं डावीकडे फिरवलं, मीटरवरचा आकडा पडताना पाहिला आणि कोणी बघतंय का म्हणून मान वळवली. बघत होते फक्त मार्जिनकाका; म्हणजे कोणी बघत नसल्यासारखंच.

"साडेतीनशे मिलिव्होल्ट," पंडित म्हणाला. "तुमचे पाचशे ना?"

"पाचशे."

"काका, कुलूप लावलं की तुम्ही ते दोनदा ओढून बघता. मग शेजाऱ्यालाही ओढायला लावत असाल."

"शेजाऱ्याला नाही. बायकोला."

काका विनोद करतात की खरंच सांगतात, हे पंडितला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं. त्याने खरं धरलं. त्यात काकांची किंमत आणखी कमी होत होती.

वाद जुना होता, आणि पंडितच्या मते एकाच बाजूने मूर्खपणाचा. चिप झोपली तरी तिच्यातून वीज झिरपत राहते, घट्ट बंद केलेला नळही टपटपतो तशी. टाकी खाली उतरवली की दाब कमी, टपटप कमी. तसंच झोपेतलं व्होल्टेज उतरवलं की गळती कमी आणि बॅटरीला आयुष्य जास्त. फार उतरवलं, तर मात्र चिप लक्षात ठेवलेलं सगळं विसरते. त्या काठाच्या किती जवळ उभं राहायचं, एवढाच प्रश्न. काका काठापासून लांब, शक्यतो पलीकडच्या गल्लीत उभे राहत. असं राखून ठेवलेलं अंतर म्हणजे मार्जिन; नाव त्यावरूनच पडलं होतं.

ही चिप छातीवर चिकटवायच्या पट्टीत बसणार होती आणि रोग्याचे ठोके साठवणार होती. पट्ट्या विकत घेणाऱ्या डॉक्टरीणबाई आज पाहायला येणार होत्या. त्यांना पटेल तो आकडा चिपमध्ये कायमचा कोरला जाणार होता. ज्याचा आकडा त्याला विभागप्रमुखाची खुर्ची, असं साहेब बोलले नव्हते. पण खुर्ची पुसून ठेवली होती.

साहेबच बाईंना घेऊन आले. साहेबांना व्होल्ट आणि वॅट यांतला फरक माहीत नव्हता, म्हणून ते दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरत. पंडित त्यांच्याकडे मान डोलवून पाहत राहिला, लहान मुलाच्या चित्राकडे पाहतात तसा.

बाईंनी तारा स्वतःच्याच मनगटांना लावून घेतल्या. त्यांचे ठोके टेबलावरच्या, चिप बसवलेल्या दोन्ही बोर्डांत साठवले. एक दाखवायचा, एक राखीव. पंडितने दोन्ही साडेतीनशेवर झोपवले, दहापर्यंत मोजलं, पहिल्याला उठवलं. ठोके जसेच्या तसे पडद्यावर आले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढी झोप माझे पेशंट बोलता बोलता काढतात," बाई म्हणाल्या. "तासभर झोपवा. आणि ही खोली फार गार आहे हो. माणसाची छाती इतकी गार पडली, तर मला कोणी बोलवत नाही."

साहेब हसले. पंडितही हसला, पण उशिरा. ऊब आली की गळती वाढते, काठ सरकतो, हे त्याने भाषणांत कितीदा सांगितलं होतं. स्वतः मोजताना मात्र तो नेहमी एसी पुरता वाढवून बसे. यंत्रांची काळजी, असं म्हणे. घाम त्याला येत असे.

काकांनी न सांगता कपाटातून तापवायची तबकडी काढली, अंगाच्या उष्णतेवर लावली आणि दोन्ही बोर्ड तिच्यावर ठेवले. पंडितने ते पुन्हा झोपवले.

जेवायला सगळे बाहेर गेले. काका गेले नाहीत. "डबा आणलाय," म्हणाले.

जेवताना पंडितने बाईंना समजावलं की मार्जिन हे भित्र्यांचं शास्त्र आहे. बाईंनी मीठ मागितलं.

परत आल्यावर उठवायचं बटण बाईंनीच दाबलं. पडद्यावरून ठोके रांगेत चालत गेले.

"माझेच," त्या म्हणाल्या. "दर तिसऱ्याला अडखळतात, बघा. छान."

साहेब त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले. पंडितने सुस्कारा सोडला आणि मीटरकडे वळला. मीटरसमोर काकांचा डबा उभा होता. जेवून झालं तरी पसारा तसाच! त्याने तो बाजूला सारला.

पहिल्या बोर्डाची झोप पाचशे मिलिव्होल्टवर लावलेली होती.

"याला कोणी हात लावला?"

काका डब्याचं झाकण पुसत होते. "दुसऱ्याला नाही लावला."

पंडितने राखीव बोर्डाला उठवलं. पडद्यावर सरळ रेघ आली, मग एक वेडावाकडा सुळका, मग पुन्हा रेघ. बाईंचं अडखळणारं हृदय त्यात कुठेच नव्हतं. कोणाचंच नव्हतं. त्याने पडदा बंद केला आणि उगाचच त्याच्यापुढे उभा राहिला.

दारातून साहेबांचं डोकं आत आलं. "पंडित, कागद तयार आहेत. साडेतीनशेच लिहायचं ना?"

काका झाकणाची कड पुसू लागले. ती कोरडीच होती.

"पाचशे लिहा," पंडित म्हणाला. "बॅटरी थोडी लवकर संपेल, तेवढं बाईंना सांगा."

"अरे, पण का?"

"काकांचा जीव अडकलाय त्यात. या वयात उगाच कशाला दुखवायचं?"

"वा! मोठ्या मनाचा आहेस," साहेब म्हणाले आणि डोकं गेलं.

काकांनी डबा पिशवीत घातला. "आभारी आहे," ते म्हणाले. पंडितने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. काही ठरवता आलं नाही.

संध्याकाळी काकांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं, दोनदा ओढलं आणि जिना उतरून गेले. पंडित बाहेर व्हरांड्यात मागे थांबला होता. पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर तो दारापाशी आला, इकडेतिकडे पाहिलं आणि कुलूप एकदा ओढून बघितलं.